सगळ्या बाजूंनी साळूबाई

मुळशीतल्या मुठा गावात गौतमीने चित्रांसाठी खोली भाड्याने घेतली होती. घरमालकीण साळूबाईंना ओट्यावर बसवून, त्यांच्याभोवती फिरत तिने क्यूबिझमच्या धाटणीचं चित्र काढलं. समोरून, बाजूने, मागून दिसणारी बाई एकाच चौकटीत होती.

साळूबाई चित्र निरखत राहिल्या. "ह्ये माजं नाक, ह्यो माजा कान. पर पाठीवर ह्यो हात कुणाचा?"

"तुमचाच, मावशी," म्हणता म्हणता गौतमी अडखळली. साळूबाईंचे दोन्ही हात चित्रातही मांडीवरच होते. पाठीवरचा हात मात्र तिने बघूनच काढला होता.

मान न वळवता साळूबाई पुटपुटल्या, "पोरी, अजून हाय का गं त्यो तितं?"

गौतमीने चित्रावरून नजर काढून त्यांच्या पाठीकडे पाहिलं. तो हात आता साळूबाईंच्या मानेपर्यंत आला होता.