पेटीच्या पोटात

शिरोलीत घरामागच्या शेडमध्ये दिलदार आणि जोतीराम मिळून फौंड्रीच्या भट्टीचं तापमान दाखवणाऱ्या पेट्या बनवायचे. तापमान मोजायचा प्रोग्राम दिलदारचा. त्याच्या पोटात घातलेला, आकडे उमटवायचा प्रोग्राम जोतीरामचा. पेटी चालू केली की आकडे नीट दिसतात का हे बघायला जोतीरामचा प्रोग्राम आधी दिलदारच्या राजदूत मोटारसायकलचा नंबर झळकवायचा, ४०७१. दुसरा आकडा म्हणे जोतीरामच्या ध्यानातच राहत नव्हता.

सत्त्याऐंशी साली जोतीराम सगळ्यात मोठं गिऱ्हाईक फोडून वेगळा झाला आणि आपले प्रोग्राम बाहेरच्या कंपन्यांना विकायला लागला. दिलदारचं डोकंच फिरलं. तो बायकोदेखत ओरडला,

"त्याची एक ओळ माझ्या पेटीत ऱ्हाणार न्हाय! आन् नजीरा, ह्या घरात त्याचं नाव काढायचं न्हाय!"

त्यानं जोतीरामचा प्रोग्राम मुळासकट उपटला, पुण्याच्या एका कंपनीचा तयार प्रोग्राम विकत आणला आणि त्या जागी बसवला.

"आता बघ म्हणावं! त्या जोत्यावाचून काय अडतंय व्हय माझं?" असं गरजत त्यानं बटण दाबलं.

पेटीवर ४०७१ झळकलं.

चहा घेऊन आलेली नजीरा पेटीकडं बघून दारातूनच मागं फिरली.

 

"अवो, भावजी आल्यात ते सांगायचं न्हाय व्हय? थांबा, आणखी एक कप आणते."