रूढीला हरकत

नीतू गोंदियाच्या कॉलेजात आंतरराष्ट्रीय कायदा शिकवायची. लेखी करार नसला तरी जुनी रूढीसुद्धा देशांना बांधून ठेवते, हे ती दर वर्षी पोरांना समजावून सांगायची. सुटतो तो फक्त पहिल्यापासून हरकत घेत आलेला देश. जो गप्प बसला, त्याला ती रूढी मान्यच होती असं धरतात.

भावाच्या, हेमेंद्रच्या हळदीसाठी ती माहेरी केशोरीला आली, तेव्हा मांडव बायकांनी भरून गेला होता. नवरदेवाची आई, दुलारी, मात्र मागच्या खोलीत सुपारी कातरत बसली होती. शेजारी तिची थोरली जाऊ सुशिला, नीतूची मोठीमाय. दोघीही विधवा.

नीतूचं डोकंच फिरलं.

"आई, ऊठ. हेमेंद्रले पहिली हळद तूच लावशील. कोणी काही बोललं त मी पाहून घेतो."

दुलारी जागची हलली नाही.

"कायले भेऊन राहिलीस? ही रीत तुले कधी पटली होती काय? आज तोंड उघड, मी आहो ना तुझ्यासंगं!"

सुशिलाचा अडकित्ता मध्येच थांबला. दुलारीनं एकदा जावेकडे पाहिलं आणि पदर तोंडाशी नेला.

 

"नीतू, तुह्या या मोठीमायच्या पोराची हळद होती ना, तवा तिच्या हातची वाटी म्याच काढून घेतली होती."