हिरवं पाणी

सुनंदाला पहिल्या बाळंतपणासाठी चाळीसगावला माहेरी जायचं होतं. घाटात गाडी तापू नये म्हणून बद्रीनाथनं बजाजनगरच्या घरासमोर सकाळीच नवा रेडिएटर बसवला. जुनं हिरवं कूलंट त्यानं टबात काढलं, स्वच्छ पाणी येईपर्यंत सगळं आतून धुतलं आणि नवं गुलाबी कूलंट भरलं. टबातलं कुत्र्यांनी पिऊ नये म्हणून वर पत्रा ठेवला, पत्र्यावर दगड.

"दाजी, गाडी बी तुमच्यावाणीच तापट," मेव्हणा हसला आणि बहिणीला मागं बसवून निघाला.

दुपारी बद्रीनाथनं पत्रा उचलला. दगड जागेवरच होता, पण टब अर्धा झाला होता. खालची फरशी कोरडी होती.

तो बघत असतानाच पातळी आणखी खाली गेली.

त्यानं सुनंदाला फोन लावला. "गाडी तापली का?"

"नाय, काटा हललाबी नाय. घाटात आहोत." मग तिचा आवाज बदलला. "अहो, पाणी जायला लागलंय."

"रेडिएटरचं?"

"नाय हो, माझं. हिरवं आहे."

टबाचा तळ कोरडा पडला होता.