दुसरा क्लच

"क्लचवरचा पाय काढ! प्लेट जळतेय, वास येत नाही का तुला?" हे शेजारून करवादले.

चढावर आमची ड्रायव्हिंग क्लासची गाडी नुसती गुरगुरत होती, पुढे सरकत नव्हती. क्लच प्लेट सारखी जाते म्हणून मेकॅनिक शिकाऊ मुलींना बोल लावायचा, आमचा मुलगा जुन्या गाडीला. यांच्या साखरेचं नाव घरात कुणी काढत नव्हतं.

मी हँडब्रेक ओढला. माझा डावा पाय केव्हाचा मॅटवर होता. शिकवणाऱ्याच्या बाजूच्या क्लचवर यांचाच पाय दाबून बसला होता.

"अहो, खाली बघा जरा."

त्यांनी पाहिलं. दोन्ही हातांनी तो पाय उचलून बाजूला ठेवला. मग समोर बघतच म्हणाले, "ब्रेकवरचाही कळत नाही गं मला."