बारवेची जबानी

नव्या नियमाप्रमाणे जुनी वास्तू पाडण्याआधी तिची जबानी घ्यावी लागे. म्हणून नगररचनाकार प्रज्ञा गायसमुद्रे यांनी बारवेच्या पायरीला यंत्र लावलं. दगडात मुरलेले आवाज आता गावासमोर वाजणार होते. रस्त्याच्या आड येणारी ही बारव वाचवायला वारसा समितीचे अध्यक्ष अप्पासाहेब सरनोबत जातीनं हजर होते.

"ऐका, आपला वैभवशाली इतिहास!" ते म्हणाले.

आधी मोटेची करकर आली. माना डोलल्या. मग एक तरुण, खणखणीत आवाज आला, "ए, कळशी तिथंच ठेव! पायरीला शिवलीस तर तंगडं मोडीन."

"लेकरू तापानं फणफणलंय, मालक. घोटभर तरी वाढा," कुणी बाई म्हणत होती.

"सावली पडतीय तुझी! हो मागं!"

आवाज तरुणपणीचा असला, तरी गावानं तो प्रत्येक सत्कारात ऐकलेला होता. सगळे अप्पासाहेबांकडे बघायचं टाळू लागले. बघितलं असतं तर अप्पासाहेबांना ते एक वेळ परवडलं असतं.

"बाई," अप्पासाहेब जमिनीकडे बघत म्हणाले, "उद्याच पाडायला घ्या. समितीची हरकत नाही."

"आता कशी पाडू?" प्रज्ञाबाई म्हणाल्या. "रस्ता वळवू आपण. बारव राहील आणि हे यंत्रही इथंच राहील. येणाऱ्या-जाणाऱ्यानं ऐकावं."

"मग आवाज तरी जरा बारीक ठेवता येईल का?"

"तुम्ही तेव्हा बारीक बोलला होता का, अप्पासाहेब?"