द्वारकाबाईंचं मत

“यादीत ज्याचं नाव, त्याच्याच तोंडून उत्तर घ्यायचं. खुणा चालणार नाहीत,” सर्वेक्षणाच्या साहेबांनी शैलजाला बजावलं होतं.

आणि यादीतल्या द्वारकाबाईंचं तर दिवेलागणीपर्यंत मौनव्रत!

“सरकारी आरोग्य योजना सगळ्यांना मिळावी का?” शैलजाने विचारलं.

“नको, असं लिहा,” त्यांचा नवराच म्हणाला. “फुकटाची सवय वाईट. हिचं मत काय वेगळं असणार?”

तीन वर्षं ऑपरेशन रखडलेला गुडघा धरून द्वारकाबाई कशाबशा उठल्या. डोळे भरून आले, पण व्रत मोडलं नाही.

“येते हं संध्याकाळी,” शैलजा त्यांना म्हणाली.

एसटी स्टँडवर सर्वेक्षणातली सोबतीण हसली. “अगं, ‘मत नाही’वर टिक कर की! शेवटची गाडी आहे, बाई.”

गावात दिवे लागले. शैलजाने द्वारकाबाईंचा फॉर्म हातात घेतला आणि गाडीकडे पाठ फिरवून ती त्यांच्या गल्लीकडे चालू लागली.