फुंकर

"पुन्हा. आणखी जोरात," डॉक्टर सौम्या तमिळमध्ये म्हणाली.

कामाक्षीनं श्वास मोजायच्या यंत्राच्या नळीला तोंड लावून फुंकर मारली. काटा थोडासा सरकला आणि अडला. तिला धाप लागली.

"घरीसुद्धा असं होतं?"

"बहिणीकडे ओरत्तनाडूला जाऊन राहिले की थांबतं. इथं मिलमध्ये तांदळाच्या चाळणीपाशी उभी राहिले की सुरू."

सौम्यानं तिला बाहेर बसायला सांगितलं. ती जाताच राइस मिलचा मॅनेजर अमरसिंह आत आला आणि त्यानं दार लोटून घेतलं. तो सौम्याचा सख्खा मामा. बाहेरच्या बायकांना कळू नये म्हणून तो त्यांच्या घरच्या मराठीत बोलला.

"लहानपणापासूनचा दमा, असं लिही."

"लहानपणापासूनचा नाही, मामा. तुसाच्या धुळीनं झालाय. मला कारखाना निरीक्षकांना कळवावं लागेल."

"इतकी वर्षं इथं डॉक्टर येतायत. एकालाही कधी आजार सापडला नाही."

"शोधला नसेल."

अमरसिंहचा आवाज चढला. "मिलमधल्या तपासणीचं हे काम तुला मी मिळवून दिलं. माझ्याच अन्नात माती कालवायला?"

"चाळणीवर धूळ ओढणारा पंखा बसवा. तेवढं मालकांना सांगा."

"पंख्यापेक्षा माणूस बदलणं सोपं असतं, सौम्या. तेही मालकांना ठाऊक आहे."

त्यानं दार सताड उघडलं आणि बाहेर रांगेत बसलेल्या बायकांना ऐकू जाईल असं तमिळमध्ये म्हणाला, "जिला आजार निघेल तिचं नाव डॉक्टरम्मा सरकारला कळवणार आहेत. आजारी बाईला मी मशीनवर ठेवू शकत नाही. नंतर माझ्याकडे रडत यायचं नाही."

 कामाक्षी उठली आणि थेट टेबलापाशी येऊन उभी राहिली.

"मला हे लहानपणापासून आहे. तसंच लिहा."

"आत्ताच तू मला चाळणीचं सांगितलंस."

"मी काही सांगितलं नाही."

"कामाक्षी, तुझ्या भल्यासाठीच—"

"शिवकुमारचंही असंच भलं केलं होतं तुमच्यासारख्या एका डॉक्टरनं. दुसऱ्या मिलमध्ये होता तो. नाव कळवल्यापासून त्याला कुठलीच मिल दारात उभं करत नाही." ती टेबलावर वाकली. "तुम्ही संध्याकाळी तंजावूरला परत जाल. मी कुठं जाऊ?"

सौम्याचे कान तापले. तिनं पेन उचललं आणि कामाक्षीच्या नावापुढे जे पाहिलं होतं तेच लिहिलं. अमरसिंह भिंतीला टेकून बघत होता. थांबवायला तो पुढे आला नाही.

"पुढची," सौम्या म्हणाली.

अलमेलु आली. तिनं नळी तोंडात धरली, गाल फुगवले आणि श्वास नाकावाटे सोडून दिला. काटा हलला नाही.

"फुंका ना!"

"फुंकलं, डॉक्टरम्मा."

तिच्या मागून वाणी आली. तिनंही तसंच केलं; सौम्याला लिहायला आकडाच मिळाला नाही. मग तिच्या मागची. प्रत्येक बाई नळी टेबलावर ठेवताना सौम्याकडे न बघता कामाक्षीकडे बघत होती.

कामाक्षी आता दारात जाऊन उभी राहिली होती. तिचा चेहरा लाल झाला होता, मानेच्या शिरा ताणल्या होत्या, डोळ्यांतून पाणी वाहत होतं. खोकला तिच्या छातीत उसळत होता. सौम्यावर नजर रोखून तिनं ओठ गच्च मिटून धरले होते.